गजर वाजला नाही, दोष कुणाचा?

रात्री अडीचला वीज येणार म्हणून मोबाईलमध्ये गजर लावला, तो वाजलाच नाही, पाण्याची पाळी हुकली, अशी तक्रार बैठकीत कोणी केली की बाकीचे हसतात. 'झोप लागली असेल गड्या' म्हणून विषय संपतो. विजेचा इशारा देणारे ॲप फोनमध्ये होते, पण वीज दोन शेते सोडून पडली तरी फोन मुका राहिला, असे कोणी सांगितले तर पोराबाळांनी फोनशी काहीतरी खेळ केला असेल, असे उत्तर मिळते. म्हणजे गजर वाजला नाही तर दोष झोपलेल्याचा, अडाण्याचा, पोरांचा. गजर बनविणाऱ्याचा कधीच नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. हवामानाचा अंदाज, विजेचा इशारा, औषध फवारणीची आठवण, पंपाची वेळ असा शेतकऱ्याचा निम्मा कारभार आज मोबाईलवर टाकला गेला आहे. ज्याने टाकला तो मोकळा झाला. 'आम्ही इशारा दिला होता' एवढे कागदावर लिहिले की त्याची जबाबदारी संपते. इशारा देणे आणि इशारा पोहोचणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात माणसे मरतात आणि पिके जातात. म्हणून या अंकात गजर का वाजत नाही आणि तो वाजता कसा करावा, याचा हिशेब मांडत आहोत.

जुन्नर-आंबेगावचा धडा

आपल्या वाचकांपैकी बहुतेक कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. जुन्नर-आंबेगाव म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर धरणे, ऊस, कांदा आणि टोमॅटो येतात. परंतु याच जुन्नरात आणे पठार आहे आणि याच आंबेगावात लोणी-धामणीचा दुष्काळी पट्टा आहे. तेथला ज्वारी-बाजरीवाला आपल्यासारखाच आभाळाकडे बघून जगतो. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतली आदिवासी गावे आणि पूर्वेला कोरडे माळ असा हा मुलूख. इशारा वेळेवर पोहोचणे म्हणजे काय, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली ती कोणत्याही यंत्राने नव्हे, तर नेहमीच्या रस्त्याने आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. ज्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे, देशाचे उपग्रह दळणवळणाचे केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभे राहिले, त्याच्या शेजारच्या तालुक्यातली ही गोष्ट. साता समुद्रापलीकडचा निरोप आर्वीला पोहोचत होता. डोंगराचा निरोप त्याच्या पायथ्याच्या गावाला पोहोचला नाही.

नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला सकाळी, राज्यातील पुष्कळ मोबाईल एकाएकी मोठ्याने वाजू लागले. केंद्राच्या दूरसंचार विभागाने संकटकाळच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती. चाचणी आधीच ठरलेली असणार, हे उघड आहे. तिची वेळ पाहून मात्र कोणाच्याही काळजात चर्र व्हावे.

त्या चाचणीने एक गोष्ट मात्र दाखवून दिली. त्या दिवशी फोन वाजण्यासाठी ॲप लागले नाही, इंटरनेट लागले नाही. मनोऱ्याने आपल्या टापूतील सगळ्या फोनांना एकदम हाक दिली. म्हणजे हाक देण्याची रीत आहे. मग रोजच्या कामाचे ॲपच वेळेला मुके का होते?

घड्याळाचा गजर आणि ॲपचा गजर

फोनमध्ये दोन प्रकारचे गजर असतात, हे आधी ध्यानात घ्या. पहिला, फोनबरोबर आलेल्या घड्याळाचा. पाचचा लावला की पाचला वाजतो. फोन कितीही गाढ झोपला असला तरी त्याला उठविण्याचा हक्क या गजराला राखून ठेवलेला आहे. दुसरा, आपण वरून घेतलेल्या ॲपचा. त्याला हा हक्क आपोआप मिळत नाही.

आपल्याकडचे बहुतेक फोन अँड्रॉइडवर चालतात. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून बॅटरी वाचविण्यासाठी एक नियम आला. फोन चार्जिंगला नाही, पडदा बंद आहे आणि फोन बराच वेळ हललेला नाही, असे झाले की फोन गाढ झोपतो. मग अधूनमधून क्षणभर जागा होतो आणि तुंबलेली कामे उरकून पुन्हा झोपतो. ॲपने साधा गजर लावला असेल तर तो ठरल्या वेळी न वाजता या पुढच्या जागेपर्यंत ढकलला जातो. अडीचचा गजर सव्वातीनला वाजतो, तो असा.

म्हणूनच दुकानात किंवा कृषी मेळाव्यात दाखविताना ॲप हमखास वाजते. तेथे फोन हातात असतो, पडदा उजळलेला असतो. रात्री खाटेवर पडलेल्या किंवा बांधावर पिशवीत ठेवलेल्या फोनची गोष्ट निराळी. चाचणीला वाजणारा आणि वेळेला न वाजणारा गजर हा भुताटकीचा प्रकार नाही. चाचणीच खोटी असते.

बिघाड शोधण्याची रीत

विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण आधी वीज पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, शेवटी मोटर उघडतो. येथेही तसेच क्रमाने जावे.

पहिले, आवाज. गजराचा आवाज आणि फोनच्या घंटीचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. घड्याळाचा गजर पाच मिनिटांनंतरचा लावून पाहा. तो वाजला तर फोन ठीक, दोष ॲपच्या बाजूला. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू नाही ना, तेही पाहा.

दुसरे, परवानग्या. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी ॲपला 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' ही वेगळी परवानगी लागते. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही, आपण द्यावी लागते. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून पडद्यावर सूचना दाखविण्यासाठीही ॲप आधी विचारते. घाईत 'नको' दाबले की ते कायमचे गप्प.

तिसरे, बॅटरी. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीच्या खाली 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय 'ऑटोस्टार्ट' नावाची कळ असते, तीही चालू करावी लागते. हे सगळ्या ॲपना करू नका, बॅटरी दुपारीच संपेल. ज्या एका-दोन ॲपवर जीव किंवा पीक अवलंबून आहे त्यांनाच करा.

चौथे, बंद पडलेला फोन. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ॲपने लावलेले सगळे गजर पुसले जातात. ॲपने ते स्वतः पुन्हा लावायचे असतात. चांगले ॲप लावते, आळशी लावत नाही, आणि ऑटोस्टार्ट बंद असेल तर चांगल्यालाही लावता येत नाही. भारनियमनाच्या गावात बॅटरी उतरून फोन बंद पडणे रोजचेच. फोन पुन्हा सुरू केला की ते ॲप एकदा उघडून पाहण्याची सवय ठेवा. 'फोर्स स्टॉप' केलेल्या ॲपचेही तेच. हाताने पुन्हा उघडेपर्यंत ते मेलेलेच असते. फोन 'साफ' करून देणारी ॲपे असली कामे परस्पर करतात. ती काढून टाकलेली बरी.

पाचवे कारण खास आपले, हंगामी शेतकऱ्याचे. २०२० नंतरच्या अँड्रॉइडमध्ये काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन काढून घेतो आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याला झोपवूनही टाकतो. शहरातल्या माणसाला हे सोयीचे आहे. परंतु विजेच्या इशाऱ्याचे ॲप आपण मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात पाहतो. मधल्या महिन्यांत ते कोण उघडतो? उन्हाळ्यात पहिला वळीव येतो तेव्हा ॲप फोनमध्ये दिसते, पण आत जीव नसतो. ॲपच्या माहितीच्या पानावर, न वापरल्यास ते थांबवावे, अशा अर्थाची एक कळ असते. ती बंद करून ठेवा. आणि दर अक्षय्य तृतीयेला अवजारे तपासता तसे हे ॲपही उघडून पाहा.

सहावे, रेंज आणि ठिकाण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनविलेले 'दामिनी' ॲप आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजांचा इशारा देते. फोन कोठे आहे हे त्याला कळले पाहिजे आणि इंटरनेट चालू पाहिजे. ठिकाणाची परवानगी 'ॲप उघडे असतानाच' एवढीच दिली असेल तर बंद ॲपला आपला ठावठिकाणा लागत नाही. हवामान खात्याचे २०१९ सालचे 'मेघदूत' ॲप मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला दाखविते. तो सल्ला आहे, गजर नाही. वेचणीला आलेला कापूस आणि खुडणीला आलेली ज्वारी यांचा निर्णय घेताना ते आपणच उघडून वाचावे लागते.

हे सर्व झाल्यावर खरी चाचणी घ्या. गजर तीन तासांनंतरचा लावा. फोन चार्जिंगवरून काढा, पडदा बंद करा, खाटेवर ठेवा आणि हात लावू नका. वेळेवर वाजला तर भरवसा ठेवा. नाही वाजला तर पंपाच्या वेळेसाठी घड्याळाचाच गजर लावा. आणि विजेच्या बाबतीत आभाळावरच विश्वास ठेवा: गडगडाट ऐकू आला की आपण विजेच्या टप्प्यात आलो. झाड सोडा, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. या नियमाला बॅटरी लागत नाही.

फोन दुरुस्त झाला, पुढे काय?

येथवर आपले काम झाले. परंतु सहा कळा दाबल्याशिवाय जे ॲप वाजत नाही, ते शेतकऱ्यासाठी बनविले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? बॅटरीचा नियम फोन कंपनीचा आहे, ॲप सरकारी संस्थेचे आहे आणि निस्तरायचे कोरडवाहू शेतकऱ्याने. हे चालणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. शेतकऱ्याच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये पहिल्याच पानावर मराठीत दिसले पाहिजे की या फोनमध्ये गजर वाजेल की नाही, आणि नसेल तर कोणती कळ दाबायची. रात्रीच्या वेळेचा गजर तपासण्याची सोय त्यातच हवी. सरकारने किती इशारे पाठविले हे सांगू नये, किती पोहोचले ते सांगावे. जेथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे दरडीखालची गावे, विजा पडणारे माळ, धरणाखालचे काठ, तेथे मनोऱ्यावरून सगळ्या फोनांना एकदम जाणारी हाक हवी. रेंज नसेल तेथे गावात भोंगा आणि तो वाजविणारा नेमलेला माणूस हवा.

आणि पंपाचे काय? जुन्नर वन विभागातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या वाटेत बिबट्या उभा असतो. तेथे गजर वेळेवर वाजला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. माणसाला रात्री अडीचला उठावे लागणे हाच मूळ बिघाड आहे. शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे निम्मे गजर लावावेच लागणार नाहीत.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक कागद आणावा. गावातील दहा फोन, त्यांवर वरील तीन तासांची चाचणी, आणि पुढे दोनच रकाने: वाजला, नाही वाजला. कोणाचे नाव नको, नंबर नको. एवढ्या कागदांची चळत घेऊन आपण अधिकाऱ्यांपुढे बसलो की 'शेतकऱ्याला फोन वापरता येत नाही' हे वाक्य पुन्हा ऐकावे लागणार नाही.