एकविसावा वाढदिवस

गेल्या महिन्यात मला एकवीस वर्षं पूर्ण झाली. आईने घरीच केक केला, मैत्रिणींनी स्टेटसला फोटो टाकले, दिवस संपला. माझ्या मावसबहिणीला येत्या नोव्हेंबरात एकवीस पूर्ण होतील. ती टेक्सासला असते. त्यांच्या घरी त्या तारखेचा विषय निघाला की मावशी उठून स्वयंपाकघरात जाते.

कारण तिथल्या इमिग्रेशन कायद्यात मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच 'मूल' असतं. काका एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात. बहीण चार वर्षांची असताना एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या बायकामुलांच्या व्हिसावर, तिकडे गेली. एकवीस झाली की तो संपतो. दुसरा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. सोळा-सतरा वर्षं तिथेच वाढली, याला हिशेबात जागा नाही.

"मग एवढ्या वर्षांत ग्रीन कार्ड का नाही केलं?" हे आपल्याकडे लग्नात, बाप्तिस्म्याला, रविवारी मिस्सा सुटल्यावर कुणीही विचारतं, जणू ते आधार कार्ड आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात. त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा ढोबळमानाने ७ टक्क्यांपर्यंतच, आणि बायकामुलंही त्यातच मोजतात. भारत असो की आइसलंड, मर्यादा तीच. म्हणून २०२५ च्या मध्यावर उच्चशिक्षित भारतीयांच्या गटात २०१२ पर्यंतच्या अर्जांचाच नंबर लागत होता. काकांचा अर्ज २०१५ चा. तेव्हा बहीण चौथीत होती.

पण मला त्या एका दिवसाबद्दल म्हणायचं नाहीये. नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. एच-फोरवरच्या मुलांना काम करायला परवानगी नसते. २०१५ पासून काही जणांच्या नवराबायकोला ती मिळू लागली, मुलांना नाही. सुट्टीत वर्गातली सगळी पोरं आइस्क्रीमच्या दुकानात, पिझ्झाच्या दुकानात कामाला जायची, आणि ही "घरचे नको म्हणतात" असं सांगायची. खरं कारण सांगायची लाज वाटायची तिला. काकांची नोकरी गेली तर दुसरी शोधायला सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात, हे तिला सातवीतच माहीत होतं. त्यामुळे टीव्हीवर नोकरकपातीची बातमी लागली की घर गप्प. नववीत तिने एक एक्सेल शीट केली. एका रकान्यात स्वतःचं वय, दुसऱ्यात रांग कुठवर आली ती तारीख. दर महिन्याला सरकारी बुलेटिन आलं की भरायची. कधीकधी ती तारीख पुढे सरकायच्या ऐवजी मागेही जाते. त्या वयात मी काय करत होते ते आठवलं की मलाच कसंतरी होतं.

धाकटा भाऊ तिथेच जन्मला, म्हणून नागरिक. एकाच घरात एकाला घालवता येत नाही आणि दुसरीला येतं. त्याने एकदा मावशीला विचारलं, ताईला पाठवलं तर मीपण जाणार का? बारा वर्षांचा आहे. आणि २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने तर त्याच्यासारख्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या पोटी पुढे जन्मणाऱ्या मुलांचं नागरिकत्वच नाकारायचं ठरवलं. खालच्या न्यायालयांनी तो अडवला, पण काळजी घरात शिरायची ती शिरलीच.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, स्वखुशीने गेले, डॉलर कमावले, आता रडगाणं कशाला? काका स्वखुशीने गेले, मान्य. चार वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं? आणि "यावं की परत, हा काय परका देश आहे?" असं म्हणणाऱ्यांना सांगते, तिचं मराठी आजीशी फोनवर बोलण्यापुरतं आहे. बेळगावच्या बसवरची पाटी तिला वाचता येणार नाही. (तशी ती आमच्यातल्याही काही जणांना अडखळतच येते, पण ते असो.)

हे खाऊनपिऊन सुखी घर आहे, हेही खरं. ज्या घरातला बाप सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी डिटेन्शन सेंटरमध्ये असतो, तिथल्या मुलांपुढे तिचं दुःख लहान, आणि ते तीच मला सांगते. पण "कायदेशीर मार्गाने या" म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर बघावं. या घराने एकही नियम मोडलेला नाही. २०१२ मध्ये ओबामांनी लहानपणी आणलेल्या मुलांसाठी डाका नावाची सवलत आणली, ती फक्त कागदपत्रं नसलेल्यांना. हिच्याकडे कागद होते, म्हणून ही बसत नाही!

उपाय फार अवघड नाही. आईबापांनी ज्या दिवशी अर्ज केला, त्या दिवशीचं मुलाचं वय कायम धरायचं. २००२ च्या एका कायद्याने छाननीत गेलेले दिवस वयातून वजा होतात, पण रांगेत गेलेली वर्षं होत नाहीत. तीही धरावीत असं विधेयक, अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट, २०२१ ला मांडलं, २०२३ ला पुन्हा मांडलं, दोन्ही पक्षांचे लोक पाठीशी होते, आणि ते तसंच पडून राहिलं. सरकारी दिरंगाईचा दंड पोरांच्या वयातून वसूल करणं मला तरी अन्यायच वाटतो.

बहिणीने आता एफ-वन, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी अर्ज भरलाय. त्यात शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जाण्याचा इरादा आहे, असं दाखवावं लागतं. ते लिहिताना तिने मला फोन करून आजीच्या घराचा पिन कोड विचारला. अर्जाचा निकाल लागायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणून मावशीने यंदा नाताळची तिकिटं काढलेली नाहीत. आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.