मौखिकीच्या कसोटीवर संगीतशिक्षण

संगीतातील पदव्युत्तर शिक्षणाची खरी कसोटी उत्तरपत्रिकेत लागत नाही. ती लागते परीक्षकांसमोरील बैठकीत. विद्यापीठाची एम. ए. असो वा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘संगीत अलंकार’, लेखी परीक्षेच्या जोडीला मौखिक व मंचप्रदर्शन असतेच. मंचावर विद्यार्थी घोटून तयार केलेला राग मांडू शकतो. मौखिकीत मात्र निवड परीक्षकाची असते.

या भेदाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत, हे कागदावर कोणीही लिहील. पण भूप गाताना ‘आता देशकार दाखवा’ असे सांगितले, की पाठांतर संपते आणि रागविचार सुरू होतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रयीचेही तेच.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनऊला संगीत महाविद्यालय उभे राहिले. गुरूच्या घरातील विद्या वर्गात आली, तशी परीक्षाही आली. गुरू शिष्याची परीक्षा रोजच घेत असे. तेच काम आता अनोळखी परीक्षकाने मोजक्या मिनिटांत करावयाचे आहे. रागांची यादी लांब आणि वेळ अपुरा, अशा स्थितीत मौखिकी ‘स्थायी म्हणा, दोन ताना घ्या’ एवढ्यावर आटोपण्याचा धोका असतो. शिवाय एकाच रागाचे चलन घराण्यागणिक बदलते. एका परंपरेतील शुद्ध स्वरसंगती दुसऱ्या परंपरेच्या परीक्षकाला चूक वाटू शकते. त्याची किंमत विद्यार्थ्याला गुणांत मोजावी लागते.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. विद्यापीठीय अध्यापनाचे दार उघडणारी ‘नेट’ परीक्षा पूर्णतः पर्यायी प्रश्नांची आहे. तीत गळ्याची वा कानाची पारख होत नाही. म्हणूनच उद्याचा शिक्षक आज मौखिकीत पारखला गेला नाही, तर त्याची उणीव पुढील पिढीच्या गळ्यात उतरेल.

मौखिकी रद्द करणे हा उपाय नव्हे. भिन्न घराण्यांचे किमान दोन परीक्षक, गुणदानाचे पूर्वघोषित निकष आणि ध्वनिमुद्रण एवढे तरी बंधनकारक व्हावे. फेरतपासणीची सोय लेखी उत्तराला असेल, तर गायलेल्या उत्तरालाही ती हवी.