माकडं माजली नाहीत, आपण शिकवलीत

घाटात गाडी थांबवून माकडांना केळी-वेफर्स देणाऱ्यांना वाटतं, पुण्य लागतंय. मग 'खायला घालू नका' असा बोर्ड लागतो, दोन रविवार कुणीतरी हटकतं, तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मला विचाराल तर ही अर्धवट बंदी काहीच न करण्यापेक्षा वाईट.

१९२८ साली टिंकलपॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडासमोर कपाखाली केळं ठेवलं आणि नंतर गुपचूप तिथे लेट्यूसचं पान ठेवलं. एरवी हेच पान माकड निमूट खायचं. त्या दिवशी मात्र पान तसंच टाकलं, केळं शोधत राहिलं, बघणाऱ्यांवर ओरडलंसुद्धा! वडापावला सोकावलेल्या माकडाला आपला रिकामा हात दिसतो तेव्हा वेगळं काय होणार?

आणि खरी गोम पुढे आहे. दरवेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की प्राणी तुलनेने लवकर नाद सोडतो. कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर बंद झाल्यावरही कितीतरी दिवस चिकाटी सोडत नाही. आपली बंदी नेमकी अशीच, सोमवार ते शुक्रवार कडक आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी मोकळं रान.

म्हणून वनखात्याने माणूस उभा करायचा तर सुट्टीच्या दिवशी करावा, दंडही तेव्हाच घ्यावा. टपऱ्यांच्या कचऱ्याला झाकण हवंच. सुरुवातीला माकडं जास्त अंगावर येतील, पिशव्या ओढतील. तेव्हा घाबरून कुणी एक बिस्कीट जरी फेकलं, तरी अंगावर गेलं की मिळतं, एवढंच ती शिकतील.