सोडा घरी ठेवा

विद्यापीठातल्या पोरापोरींनो, दरसाल २८ फेब्रुवारी आली की तुम्ही वस्तीत विज्ञान घेऊन येता. १९२८ साली त्या दिवशी रामन यांचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून विज्ञान दिन. या की, ना कोण म्हणतंय? पण आणता काय? खायचा सोडा, लिंबू आणि मातीचा डोंगर. डोंगरातनं फेस येतो, पोरं टाळ्या पिटतात. मग तुमच्यातला एकजण लिंबू-मिरचीवर भाषण ठोकतो. फोटो, वडापाव, गाडी गेली.

च्यायला, अंधश्रद्धा फक्त झोपडपट्टीतच पैदा होते काय? १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर माझ्या पणजीनं देव्हाऱ्यातले देव उचलून ओढ्यात टाकले. तिनं प्रयोगशाळा बघितली नव्हती. तुमच्या घरी लग्न ठरताना पत्रिका बघतात, पत्रिकेआधी जात बघतात. जन्मानं माणूस वर-खाली होतो याचा पुरावा कुठल्या परीक्षानळीत सापडला? विज्ञानावर लिहायची स्वप्नं बघणाऱ्या रोहित वेमुलानं १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात जीव दिला. तिथं विज्ञान कमी होतं? वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ साली घटनेत घातलं. ते काय एकट्या झोपडीवर घातलं?

आता आमच्याकडचं विज्ञान ऐका. मी सूतगिरणीत, कार्डिंग खात्यात. सुट्टी संपवून सोमवारी पाळीवर गेलं की छाती आवळते. मंगळवारी जरा सैल. वर्षं सरतात तसे सगळेच वार सोमवार होतात. कापसाच्या धुळीच्या या रोगाला तुमच्या पुस्तकात बिसिनोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात त्याचं नाव छापलेलं होतं. अमेरिकेनं १९७८ साली सूतकताईच्या खात्यात घनमीटर हवेला २०० मायक्रोग्रॅम धूळ अशी हद्द घातली. आमच्या खात्यात किती आहे? कोण मोजणार? मॅनेजर सांगतो, बिड्या कमी करा. मी बिडीला हात लावत नाही.

आणि गटार. मुकादम वरनं ओरडतो, वास गेला, उतर. अरे, हायड्रोजन सल्फाइड वाढला की आधी नाकच बधिर होतं! वास गेला म्हणजे गॅस गेला नाही. तो हवेपेक्षा जड, तळाला दबा धरून बसलेला असतो. एवढी दोन वाक्यं उतरणाऱ्याला मराठीत कोणी सांगितली? सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना २०१४ साली १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले. भाव वाढला. उतरणारा मात्र आमच्यातलाच.

तुमच्या डिपार्टमेंटला यंत्रं आहेत, सरांच्या सहीशिवाय कपाट उघडत नाही म्हणे. मग सरांशी भांडा, आमच्यापुढं भाषण कशाला? एखाद्या सोमवारी गेटावर या. पाळीवर चढताना प्रत्येकाची फुंकर मोजा, उतरताना पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मराठीत लिहून कामगाराच्या हातात द्या, मॅनेजरच्या नाही. आणि ते यंत्र कसं वाचायचं तेही आम्हाला शिकवा, पुढच्या सोमवारी आमचं आम्ही मोजू. पहिली पाळी सातला भरते.