रामलिंगच्या जंगलात सायकलची नवी वाट नको

परंड्याच्या रस्त्यावर आता जाड टायरच्या, गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पहाटे पोरे सायकली काढतात, बार्शी ओलांडतात आणि येडशीच्या रामलिंग घाटाकडे वळतात. सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला चढ, वळण आणि झाडी एका जागी मिळते ती तिथेच. त्यामुळे परदेशात दाट अरण्यातून सायकलीच्या अरुंद वाटा असतात तशा रामलिंगला का नकोत, असा प्रश्न त्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे. रामलिंगच्या जंगलात नवी वाट पाडू नये, आणि सायकलस्वारांना नवी वाट मात्र जरूर मिळावी. ती कुठे, ते पुढे सांगतो.

परदेशातले उदाहरण देताना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या मॅकेन्झी नदीकाठच्या वाटेचे नाव हमखास निघते. शेकडो वर्षांची डग्लस फर झाडे, लाव्हाचे खडक आणि त्यांतून सुमारे ४२ किलोमीटरची पायवाट. तिच्यावर पायी जाणारेही असतात आणि सायकलवालेही. ही वाट ज्या विलामेट राष्ट्रीय वनात आहे त्याचा विस्तार साधारण ६,८०० चौरस किलोमीटर. आपला अख्खा धाराशिव जिल्हा साडेसात हजारांचा. म्हणजे जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढ्या जंगलातून त्यांनी ती वाट नेली आहे. आपल्या जिल्ह्यात जंगलाचे प्रमाण शेकडा एकही नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र २२.३८ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेचा चौरस आखला तर त्याची एक बाजू पावणेपाच किलोमीटरही भरत नाही. बऱ्यापैकी सायकल चालवणारा गडी ते अंतर अर्ध्या तासाच्या आत कापेल. एवढ्याशा जंगलात एक वाट घातली की त्याचे दोन तुकडे होतात. दोन घातल्या तर आतला भाग म्हणावा असे काही उरतच नाही.

आणि हे जंगल रिकामे नाही. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर आला होता. पुढे बार्शी आणि धाराशिवच्या शिवारात त्याने जनावरे मारली, शेतकरी धास्तावले आणि त्याला पकडायला पथके आली. त्या शेतकऱ्यांचे नुकसान खरे होते, भीतीही खरी होती. पण मराठवाड्याच्या या कोरड्या टोकाला वाघ थांबला, कारण थांबण्याजोगी झाडी फक्त इथे होती, हेही तितकेच खरे. इथल्या रामलिंगाच्या मंदिराच्या घळीत श्रावणी सोमवारी माणूस मावत नाही. ती गर्दी देवाची आहे, तिला ठरलेला रस्ता आणि ठरलेला काळ आहे. जटायू इथेच पडला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेला हा परिसर आहे. पाखराच्या नावाने ज्या जागेला हात जोडतो, तिथल्या पाखरांना दिवसाचे चार तास तरी निवांत मिळायला हवेत.

सायकलीने जमीन फार खराब होते, असे आमचे म्हणणे नाही. पायी चालणारा आणि सायकलवाला यांच्याने होणारी झीज पुष्कळदा सारखीच असते. फरक वेगाचा आहे. चालणारा तासात जेवढे जंगल उठवतो, त्याच्या कितीतरी पट सायकलवाला उठवतो, आणि त्याच्या चाकाचा आवाज जनावराला अगदी जवळ येईपर्यंत लागत नाही. दुसरी गोष्ट टायरच्या खाचांतल्या चिखलाची. गाजरगवताने सडका आणि बांध आधीच व्यापले आहेत. तेच बी चिखलासोबत जंगलाच्या मध्यात जाऊन पडते. तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण चोरवाटांची. एक वाट झाली की तिला फाटे फुटतात. कुणाला जास्त उतार हवा असतो, कुणाला दगडावरून उडी मारायची असते. वर्षभरात मूळ वाट कुठली हे सांगता येत नाही. शिवाय हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जायला परवानगी लागते, मग खोदकाम तर दूरच. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून दिवसाउजेडी सायकल न्यावी, तिथे ती लावावी आणि पुढे पायी हिंडावे. मोटारींनी भरलेल्या त्या रस्त्याला सायकलींचा उपकारच होईल, आणि वनखात्यानेही त्यांचे स्वागत करावे.

मग नवी वाट कुठे? आपल्या दारात. बालाघाटाची रांग भूम-वाशीकडून उतरत परंड्याच्या बाजूला सपाट होते, त्या उतारांवर गुराख्यांच्या पायवाटा आणि जुन्या गाडीवाटा आहेत. परंड्याच्या भुईकोट किल्ल्यापासून सोनारीच्या भैरवनाथाकडे आणि तिथून सीना-कोळेगाव धरणाच्या फुगवट्याकडे पाणंदींनीही जाता यावे. याच सपाटीवरून १६३२ मध्ये मुलूखमैदान तोफ परंड्याहून विजापूरला ओढत नेली होती. जुने मार्ग या भागाला नवे नाहीत. त्यांतले बरेच आज बाभळींनी बुजलेत किंवा बांध सरकवून सरकवून अर्धे राहिलेत. ते मोकळे झाले तर शेतकऱ्याची बैलगाडी आधी जाईल, सायकल तिच्या मागून.

उतारावरची वाट नीट करण्याचे एक शास्त्र आहे, आणि ते आपल्या बांधबंदिस्तीच्या गवंड्याला सांगताच कळेल असे आहे. वाट सरळ उतारावरून खाली सोडायची नाही, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. ती डोंगराच्या कडेने आडवी न्यायची. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको, आणि एकूण सरासरी शंभर फुटांना दहा फुटांच्या आत. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवे निघून जाते, आणि ठरावीक अंतरावर छोटा उंचवटा ठेवून प्रवाह तोडायचा. मुरमाड उतारावर अशी वाट वर्षानुवर्षे टिकते. काळ्या मातीत मात्र कुठलेही शास्त्र चालत नाही. पाऊस पडला की ती चाक आणि चौकटीच्या मध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मागे राहिलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दगडासारख्या वाळून बसतात.

म्हणून जून ते सप्टेंबर या वाटा बंदच ठेवाव्यात. त्याला आणखी एक कारण आहे. माळ म्हणजे पडीक, ही समजूत चुकीची. चंडोल, लावे, माळटिटव्या जमिनीवरच घरटी करतात, त्यांतली बरीचशी पावसाच्या तोंडावर आणि पावसात. लांडगा आणि खोकड याच माळावर जगतात. इथून जवळच नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य करूनही तो पक्षी आपल्या हातून निसटत गेला, कारण गवताळ रान राखायचे असते हेच आपल्याला उशिरा उमगले. तेव्हा माळावरही नवी वाट कापायची नाही. पूर्वीपासून मळलेली तेवढीच घ्यायची, मध्येच फाटा फुटला तर त्याच आठवड्यात काटेरी फांद्या टाकून बुजवायचा, आणि मेंढपाळ समोरून आला तर सायकलवाल्याने उतरून बाजूला व्हायचे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. पाणंदी मोकळ्या करण्याच्या शासकीय योजना आहेतच, त्यांत या वाटा ग्रामसभेच्या ठरावाने घालता येतील. अतिक्रमणाचा वाद निघेल तिथे तहसीलदारांना मोजणी लावावी लागेल, आणि ते काम चिकाटीचे आहे. रविवारी रामलिंगला जाणाऱ्या पोरांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसावे आणि ही मागणी लेखी द्यावी. ऑक्टोबरात जमीन आवळली की पहिली पाणंद मोकळी करायला घेता येईल.