डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कांगारू पाळता येतो का?

एप्रिल २०२५ मध्ये डोंबिवलीजवळच्या पलावा सिटीतल्या एका फ्लॅटवर वनविभागाने छापा टाकला. आत ओरांगउटानचं पिल्लू होतं. सोबत साप, इग्वाना आणि कासवंही. बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातलं माकड कल्याण-शीळ रस्त्यावर पोहोचलं कसं, यावर मीम्सचा पाऊस पडला. पण 'परदेशी प्राणी आहे, मग आपला कायदा कुठे लागू होतो?' हा कमेंट्समधला प्रश्न तितकासा चुकीचा नव्हता. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं उत्तर खरंच गुळमुळीत होतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचा भर देशी प्राण्यांवर. म्हणून पिंजऱ्यातला आपला साधा राघू बेकायदा, पण बँकॉकहून आलेला इग्वाना एकदा विमानतळाबाहेर पडला की त्याला हात लावणं कठीण, अशी गंमत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती बरीचशी संपवली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची यादी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. ओरांगउटान, आफ्रिकन ग्रे पोपट, बॉल पायथन, हिरवा इग्वाना हे सगळे त्यात येतात.

यादीतला प्राणी घरात असेल तर काय?

नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता नवा प्राणी घेतल्यावर ३० दिवसांत 'परिवेश' पोर्टलवर अर्ज करायचा. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवायचं. पण नोंदणी म्हणजे चोरट्या मालावर पांघरूण नव्हे. प्राणी कुठून आला, हे कागदावर दाखवावं लागतं.

आणि कांगारू?

इथे गोची आहे. लाल कांगारू आणि करडा कांगारू, म्हणजे आपण चित्रात बघतो ते, सायटिसच्या यादीतच नाहीत. त्यामुळे नोंदणीचा नियम त्यांना लागू होत नाही. इन्स्टावरचे विक्रेते 'लीगल आहे सर' म्हणतात ते अशाच फटींवर बोट ठेवून.

पण कांगारू आणणार कुठून? ऑस्ट्रेलिया आपले सस्तन प्राणी पाळण्यासाठी जिवंत निर्यात करू देत नाही. दुसऱ्या देशातल्या फार्मवरून आणायचा तर भारतात आयात परवाना लागतो, शिवाय पशुसंवर्धन विभागाची आरोग्यविषयक परवानगी. घरी पाळायला म्हणून ही कागदपत्रं मिळणं जवळपास अशक्य. ती नसतील तर प्रकरण तस्करीचं होतं आणि कस्टम्स कायदा लागतो. थोडक्यात, बाळगण्यावर थेट बंदी नसली तरी कायदेशीर मार्गाने तो दारात येतच नाही. ही पळवाट बुजवायला केंद्राने यादीबाहेरच्या परदेशी प्राण्यांचीही नोंद सक्तीची करायला हवी. आज ती नाही.

एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात तीन कांगारू रस्त्याकडेला जखमी, अशक्त अवस्थेत सापडले. त्यांना सिलिगुडीच्या बंगाल सफारीत हलवण्यात आलं. कारवाईच्या भीतीने तस्करांनी ते सोडून दिल्याचा संशय होता. पूर्ण वाढलेला लाल नर ८५ किलोपर्यंत जातो. तो घाबरून धावला तर नुसत्या ताणाने स्नायू निकामी होऊन मरू शकतो. टू बीएचकेत त्याचं काय होईल, याची कल्पना करा.

असा प्राणी शेजारी दिसला किंवा विक्रीची पोस्ट आली, तर राज्य वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. पोस्टचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण अकाउंट डिलीट व्हायला वेळ लागत नाही.