अपडेट अडले? आधी घड्याळ पाहा

उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणारी आपल्याकडची बरीच मंडळी क्षिप्रेकाठची वेधशाळा न पाहताच परततात. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही एक. 1923 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिची दुरुस्ती करवली आणि ज्योतिर्गणिताचे जाणकार गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे काम पाहिले. आजही तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघते.

संगणकाच्या सदरात हे कशासाठी, असे वाचकांना वाटेल. सांगतो. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली पाहून वेळ काढली आणि हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिली, तर दोन्ही जुळत नाहीत. यंत्र बिघडलेले नसते. यंत्र उज्जैनची स्थानिक वेळ सांगते आणि आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळ. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, ती 1906 पासून लागू झाली. उज्जैनचा रेखांश पाऊणेशहात्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक. बेळगाव आणखी पश्चिमेला, तिथे तो बत्तीस मिनिटांवर जातो. शिवाय वर्षभरात सूर्य थोडा पुढेमागे होतो, त्याचीही काही मिनिटे धरावी लागतात. जुन्या भारतीय ज्योतिषात उज्जैन हेच शून्य रेखांशाचे ठिकाण होते. इतर गावच्या पंचांगकर्त्याने त्यात आपल्या गावापुरता 'देशांतर संस्कार' करायचा, अशी पद्धत. मूळ गणित तेच, स्थानिक नोंद वेगळी.

लिनक्समध्ये ही स्थानिक नोंद असते ती कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. साध्या मजकुराच्या या फाइली बहुतेक 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. मूळ प्रणाली जगभर सारखी, पण तुमच्या घरच्या संगणकाने कुठली वेळ पाळायची, अपडेट कुठून आणायचे, कुठली भाषा बोलायची, हे त्या फाइलींत लिहिलेले असते. अपडेट अडते तेव्हा निम्म्या वेळा दोष या नोंदींतच असतो.

हा विषय आत्ता घ्यायचे कारणही आहे. विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरोघरी धडधाकट चालणारे, पण विंडोज 11 न चढणारे संगणक पडून आहेत. मुलांच्या अभ्यासासाठी त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकून घेणारे वाढले आहेत. टाकून देणारा ओळखीचा मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला निघून जातो, आणि महिन्याभराने अपडेट अडले की घरच्यांना वाटते, लिनक्सच वाईट. मग तोच संगणक भंगारात. म्हणून चार दुरुस्त्या घरच्या घरी कशा करायच्या ते पाहू. आज्ञांची नावे इथे देवनागरीत देतो. टंकताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची.

पहिली दुरुस्ती : घड्याळ, म्हणजे आपले गडियार

अपडेटची आज्ञा 'सुडो एपीटी अपडेट'. ती दिल्यावर 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असा संदेश आला, तर इंटरनेटला दोष देऊ नका. अपडेटच्या प्रत्येक यादीवर ती कधी तयार झाली याची तारीख असते आणि खाली सही असते. कोणी जुनी, दोष असलेली यादी नवी म्हणून गळ्यात बांधू नये, यासाठी ही सोय. आता तुमच्या संगणकाची तारीखच मागे असेल, तर त्याला वाटते, ही यादी उद्याची आहे, अजून चालू व्हायची आहे. तो ती नाकारतो. त्याचे बरोबरच आहे!

तारीख मागे का जाते? जुन्या संगणकात मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही दिवस किंवा काही वर्षेही मागे पडते. सेल स्वस्त असतो. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलणे हा पहिला उपाय.

मग 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा द्या (टाइम, डेट, सी, टी, एल सगळे सलग). वेळ, तारीख आणि वेळेचा विभाग पडद्यावर येईल. विभाग 'एशिया/कोलकाता' हवा. जुन्या नोंदींत 'एशिया/कलकत्ता' असे असते. ते नाव वर्षानुवर्षे चालले, पण उबुंटू आणि डेबियनच्या नव्या आवृत्त्यांत अशी जुनी नावे 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजात गेली आहेत. तेव्हा नवेच नाव ठेवा : 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन', पुढे एक मोकळी जागा आणि 'एशिया/कोलकाता'. यात ए आणि के ही अक्षरे मोठी.

वेळ इंटरनेटवरून आपोआप मिळवायची तर 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू'. तरीही जुळत नसेल, तर ईटीसीतल्या 'सिस्टमडी' फोल्डरमध्ये 'टाइमसिंकडी.कॉन्फ' ही फाइल पाहा. तीत 'एनटीपी=' अशी एक ओळ असते, तिच्या सुरुवातीला # हे चिन्ह असते. # असलेली ओळ संगणक वाचत नाही. चिन्ह काढून बरोबरच्या खुणेपुढे 'टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग' लिहा. हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा पत्ता. आपल्या देशाची प्रमाणवेळ हीच संस्था सांभाळते. फाइल जतन करून संगणक एकदा बंद-चालू करा. उबुंटू 25.10 पासून हे काम 'क्रोनी' नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो, तिथे ही फाइल शोधत बसू नका.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर नेमका साडेपाच तासांचा घोळ होतो. विंडोज आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते. एक दुसऱ्याची वेळ पुसते. अशा घरात 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' ही आज्ञा एकदा दिली की भांडण मिटते.

दुसरी दुरुस्ती : बंद झालेला पत्ता

'404 नॉट फाउंड' असा संदेश आला, तर दुकान हलले आहे असे समजा. उबुंटूच्या एप्रिलमधल्या, दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मधली आवृत्ती मुदत संपल्यावर नेहमीच्या गोदामातून जुन्या गोदामात हलवतात. उदाहरणार्थ, ऑक्टोबर 2023 ची 23.10 ही आवृत्ती जुलै 2024 मध्ये संपली.

पत्त्यांची फाइल म्हणजे ईटीसीतल्या 'एपीटी' फोल्डरमधली 'सोर्सेस.लिस्ट'. उबुंटू 24.04 पासून पत्ते शेजारच्या 'सोर्सेस.लिस्ट.डी' या फोल्डरमध्ये 'उबुंटू.सोर्सेस' फाइलीत असतात. मिंटची फाइलही त्याच फोल्डरमध्ये असते. संपलेल्या आवृत्तीसाठी 'आर्काइव्ह.उबुंटू.कॉम' आणि 'सिक्युरिटी.उबुंटू.कॉम' या दोन्ही जागी 'ओल्ड-रिलीजेस.उबुंटू.कॉम' असे लिहायचे. डेबियनच्या जुन्या आवृत्तीसाठी 'आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग'. मात्र हे लक्षात ठेवा, जुन्या गोदामात सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही. त्या पत्त्यावर कायमचे राहायचे नसते. तिथून सामान घेऊन पुढच्या आवृत्तीवर जायचे. बँकेचे व्यवहार त्या संगणकावर होत असतील, तर हे काम रविवारवर ढकलू नका.

आवृत्ती चालू आहे, तरी 'हॅश सम मिसमॅच' येते? मग पत्त्याच्या सुरुवातीचे 'इन' आणि त्यापुढचा टिंब काढून पाहा. 'इन' म्हणजे भारतातली प्रत. ती मध्येच अर्धवट भरलेली असली की असे होते. मूळ गोदाम थोडे लांब, पण माल पूर्ण.

तिसरी दुरुस्ती : घरातल्या दोन भाषा

उज्जैनच्या मराठी घरांत शिंद्यांच्या काळापासून आत मराठी आणि दारात हिंदी किंवा माळवी. आपल्याकडे आत मराठी आणि दारात कन्नड, किंवा उलटे. संगणकावरही आपण दोन्ही भाषा ठेवतो. कोणीतरी भाषा मराठी करते, पण तिची सामग्री तयार केलेली नसते. मग प्रत्येक अपडेटच्या वेळी 'सेटिंग लोकेल फेल्ड' अशा इशाऱ्यांची रांग लागते. अपडेट बहुधा होते, पण नवखा माणूस घाबरून मध्येच बंद करतो आणि खरा बिघाड तिथे सुरू होतो.

उपाय सोपा. ईटीसीतली 'लोकेल.जेन' ही फाइल उघडा. जगभरच्या भाषांची यादी # लावून उभी असेल. 'एमआर_आयएन' ही मराठीची ओळ आणि 'केएन_आयएन' ही कन्नडची ओळ शोधा, दोन्हींपुढचे # काढा, जतन करा आणि 'सुडो लोकेल-जेन' द्या. एक भाषा चालू केल्याने दुसरी जात नाही. पडदा आजीसाठी मराठीत, नातवाच्या खात्यात कन्नडमध्ये, असे सुखाने चालते.

चौथी गोष्ट : फाइल उघडण्याची रीत

ही खरे तर पहिली, पण शेवटी सांगितलेले लक्षात राहते. फाइलीला हात लावण्याआधी तिची नक्कल करा. 'सीपी' ही नक्कल करण्याची आज्ञा. नक्कल आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवा. मग 'सुडो नॅनो' आणि पुढे फाइलीचे नाव. बदल झाल्यावर कंट्रोल आणि ओ, मग एंटर. बाहेर पडायला कंट्रोल आणि एक्स. ओळ पुसू नका, तिच्यापुढे # लावा, म्हणजे जुनी नोंद डोळ्यांसमोर राहते. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच अपडेट चालवून पाहा. तीन बदल एकदम केले, तर कुठल्याने काम झाले, कुठल्याने बिघडले, काही कळत नाही. कन्नडमध्ये म्हणतात ना, आतुरगारनिगे बुद्धि मट्ट. उतावळ्याला अक्कल बेताची.

आणखी एक. 'कुड नॉट गेट लॉक' असे दिसले, तर काहीही दुरुस्त करू नका. दुसरा अपडेट मागे चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. चहा करून घ्या, वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. कुलपाची फाइल पुसून टाका, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चालू अपडेट अर्धवट तुटले, तर सगळी प्रणाली लंगडी होते.

या दुरुस्त्यांना संगणकाची पदवी लागत नाही. इंग्रजी संदेश सावकाश वाचायचा, त्यातला एक शब्द पकडायचा आणि त्या शब्दाची फाइल उघडायची. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला शेजारी बसवा. संदेश तो वाचेल, नक्कल तुम्ही करा. संदेश समजला नाही, तर तो जसाच्या तसा वहीत उतरवून ठेवा, कारण 'अपडेट होत नाही' एवढ्यावरून जाणकारालाही काही सांगता येत नाही. आणि सेल बदलला असेल, तर त्या दिवसाची तारीख संगणकाच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. चार-पाच वर्षांनी घड्याळ पुन्हा मागे पडले, की आधी काय पाहायचे ते घरात कोणालाही कळेल.